लांबची नोकरी: घरून ये-जा करावी की कामाजवळ खोली घ्यावी?

शहराच्या मधल्या, जुन्या आणि दाट वस्तीत वाढलेल्या मुलामुलींसमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. घराजवळ काम नाही. काम आहे ते शहराच्या कडेला, जिकडे कारखाने आणि गोदामं सरकली तिकडे. मी विसाव्या वर्षी दोन्ही करून पाहिलं: आधी सात महिने ये-जा, मग खोली. भाडं किती, तिकीट किती, तास किती, हे गणित तुम्ही केलेलं असणार, त्यामुळे ते सोडून देतो.

ये-जा करणाऱ्याचं घर सुटत नाही, ही साधी गोष्ट नाही. पगार लांबला तरी जेवण चुकत नाही. पहिली नोकरी महिन्या-दोन महिन्यांत सुटली, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची सुटली, तर भाड्याचं ओझं मानेवर राहत नाही. नव्या नोकरीचा अंदाज येईपर्यंत ये-जाच बरी, असं मी आजही सांगेन.

खोलीचे त्रास वेगळे. एकटेपणा असतो, स्वयंपाक आपल्यालाच करावा लागतो आणि घरच्यांना हातभार कमी लागतो. हे सगळं खरं आहे, पण सवय होते.

मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. संध्याकाळी पावणेसहाला सुपरवायझर विचारायचे, "दोन तास थांबतोस का?" घरी जायला जोडून मिळणारी माझी शेवटची बस साडेसहाला होती. ती चुकली की पुढची थेट सकाळी. मी नाही म्हणायचो. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पगारही कापला नाही. दहा-बारा वेळा नकार दिल्यावर त्यांनी मला विचारणंच बंद केलं. माझ्यानंतर लागलेला एक मुलगा पायी दहा मिनिटांवर राहायचा. काम दोघांचं सारखंच. ओव्हरटाइम त्याला मिळाला, त्या वेळात तो दुसरं मशीन शिकला, आणि कायम करायच्या यादीत त्याचं नाव आधी लागलं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. बसमधले तीन तास मी सहन केले असते, रोज "नाही" म्हणणं जमलं नाही.

हा एका माणसाचा अनुभव आहे, नियम नव्हे. अंतरामुळे नोकरी हुकते का, यावर अर्थतज्ज्ञांमध्येही जुना वाद आहे. जॉन केन यांनी १९६८ मध्ये शिकागो आणि डेट्रॉइटबद्दल मांडलं की नोकऱ्या उपनगरांत जात होत्या आणि घर देतानाच्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांना तिकडे राहायला जाता येत नव्हतं. थोडक्यात, अंतर त्यांनी निवडलेलं नव्हतं, त्यांच्यावर लादलेलं होतं. डेव्हिड एलवूड यांनी १९८६ मध्ये शिकागोतल्याच तरुणांचा अभ्यास करून उलट सांगितलं की खरा अडसर अंतराचा कमी आणि वर्णाचा जास्त आहे. पुढे १९९० मध्ये इहलनफेल्ट आणि स्जोक्विस्ट यांनी तरुणांच्याच आकडेवारीवरून अंतराचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. मला दोन्हींत तथ्य दिसतं. ज्याला दारातच नाकारतात, त्याला दाराजवळ राहून काय मिळणार? पण दार उघडं असेल तर लांब राहणारा मागे पडतो, हे मी पाहिलं आहे.

नुसती वाहतूक पुरवून प्रश्न सुटतो का, हेही करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर, शिकागो, डेन्व्हर, मिलवॉकी आणि सेंट लुइसमध्ये मधल्या वस्त्यांतल्या लोकांना उपनगरातल्या कामावर नेणाऱ्या गाड्या सुरू केल्या. एकंदरीत रोजगारावर किंवा कमाईवर परिणाम दिसला नाही. त्यामागे कारणं अनेक असतील. मला मात्र ठरल्या वेळी सुटणारी गाडी म्हटली की आमचे पावणेसहा आठवतात. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबामध्ये, भूगोल उलटा होता: तरुण शहराच्या कडेला, नोकऱ्या मध्यभागी. तिथे काम शोधायला जाण्याचं भाडं दिल्यावर चांगली नोकरी मिळण्याचं प्रमाण सुरुवातीला वाढलं, पण चार वर्षांनी तो फायदा उरला नव्हता. म्हणजे प्रवासखर्चाची मदत मिळत असेल तर जरूर घ्या, नोकरी शोधताना ती उपयोगी पडते. पण तेवढ्यावर पुढची वर्षं निघतीलच असं नाही.

खोलीच्या बाजूने बोलतानाही जपून बोलायला हवं. १९९४ पासून काही वर्षं पाच अमेरिकन शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात घर घ्यायला मदत केली, तेव्हा मोठ्यांच्या रोजगारात म्हणावा असा फरक पडला नाही. पण त्यांना नेलं होतं चांगल्या वस्तीत, कामाजवळ नव्हे. हे दोन्ही एकच समजू नका. खोली बघताना परिसर थोडा साधा असला तरी चालेल, पण रात्रीची पाळी सुटल्यावर पायी पोचता आलं पाहिजे. मुलींसाठी मी यात एक अट घालेन, तो रस्ता त्या वेळी स्वतः चालून पाहा.

तुमची पाळी ठरल्या वेळी सुटत असेल आणि थांबायला कोणी सांगत नसेल, तर घर सोडायची घाई नको. मुलाखतीतच विचारून घ्या की थांबावं लागतं का, आणि कायम कोणाला करतात. तिथे उत्तर गोलमोल आलं, तर मी तरी खोलीकडे झुकेन, शक्यतो सोबतच्या कामगाराबरोबर भाडं वाटून.

आणि खोली घेतलीत तर सुपरवायझरना आपणहून सांगा. वॉशिंग्टनमध्ये एका संशोधकाने बनावट अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा लांबचा पत्ता असलेल्यांना कमी बोलावणी आली. वस्ती श्रीमंत की गरीब, याचा तेवढा फरक पडला नाही. माझ्या कागदावरही जुनाच पत्ता होता. मी राहायला जवळ आलो, हे सुपरवायझरना कळेपर्यंत सहा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस ते पावणेसहाला माझ्या शेजारच्यालाच विचारत राहिले.