गिअरचा चाकपाना: दीड वर्ष वापरून

आधी हिशेब मांडते, गणिताची बाई आहे. माझं वजन ५२ किलो. पान्याला मीटरभर लांबीचा पाईप लावून त्याच्या टोकावर मी उभी राहिले, तर नटावर साधारण ५१० न्यूटन-मीटर जोर पडतो. ट्रकच्या चाकाचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, २२ मिलिमीटरचा असेल तर त्याचा नट घट्ट करतानाच ६०० च्या आसपास जोर लावतात. तो वर्षानुवर्षं गंजून बसला असेल तर सोडवायला त्याहून जास्त लागतो. म्हणजे कागदावरच मी हरलेली. तरी पाईपवर उड्या मारून पाहिल्या. शेजाऱ्यांनीही त्या पाहिल्या.

ट्रक मामेसासऱ्यांचा, १९७० च्या दशकातला, सहा चाकी. भंगारात निघाला होता, तेव्हा मी म्हटलं, "मला द्या." नवऱ्याला वाटलं, मी गंमत करतेय. ट्रक दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याला कळलं. तेव्हापासून घरात एकेकाचं एकेक वाक्य ठरलेलं आहे. धाकट्या दिरांचं, "वहिनी, भंगारवाल्याला मीच फोन करू का?" मुलीचं, "आई, निदान हात तरी धू." आणि नवऱ्याचं, जे खरं बोचतं, "अगं, हे तुझ्या ताकदीचं काम नाही." दिरांना उत्तर देता येतं. नवऱ्याच्या वाक्याला उत्तर नव्हतं, कारण वर मांडलेला हिशेब त्याच्याच बाजूने होता.

म्हणून हा पाना घेतला. कोणी याला टॉर्क मल्टिप्लायर म्हणतं, मी चाकपाना म्हणते. दिसायला लठ्ठ टॉर्चसारखा. एका टोकाला चौकोनी खुंटा, त्यावर गोटी, म्हणजे नटावर घालायची लोखंडी टोपी, बसते. दुसऱ्या टोकाला फिरवायचा दांडा. बाजूला एक पाय असतो, तो शेजारच्या नटाला टेकवायचा, नाहीतर नटाऐवजी पानाच गोल फिरेल. पोटात दातेरी चाकं. मध्ये एक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी, आणि सगळ्यांना वेढणारी, आतून दाते असलेली कडी. असे दोन टप्पे. माझ्या पान्यावर प्रमाण लिहिलंय १:५८. दांडा ५८ वेळा फिरवला की नट एकदा फिरतो. पाव मीटरच्या दांड्यावर दहा किलोचा रेटा दिला तर २५ न्यूटन-मीटर होतात. त्याला ५८ ने गुणा. १४५० येतात. दात्यांच्या घर्षणात त्यातले काही जातात, तरी पाईपवर उभं राहून पडणाऱ्या माझ्या जोराच्या दुपटीहून जास्त उरतात. तेही उभ्याउभ्या, एका हाताने.

पहिल्या रविवारी उजवीकडच्या पुढच्या चाकाला लावला. सुरुवातीच्या दहा-बारा फेऱ्यांत काहीच होत नाही. दात्यांमधली ढिलाई निघते, लोखंड थोडं पिळलं जातं, पाय शेजारच्या नटावर करकचून बसतो. मग दांडा जड होतो, आणि नट "कट्ट" करून सुटतो. तो आवाज मी आठ महिने ऐकायची वाट पाहत होते. सासूबाई ७८ वर्षांच्या, ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आण बघू." पुढचा नट त्यांनी सोडवला. दांडा परत देत म्हणाल्या, "एवढंच?" नवरा तिथेच होता. त्या दिवसापासून ताकदीचा विषय घरात निघालेला नाही.

इथेच थांबले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

पुढच्या रविवारी डावं पुढचं चाक. तोच पाना, तीच गोटी, तीच दिशा. दहा-बारा फेऱ्या, दांडा जड, आणखी जड, मग एकदम हलका. मी खुशीत गोटी काढली. आत नट होता, आणि नटात स्टडचा तुटका तुकडा. तुटलेली बाजू ताज्या लोखंडाची, चकचकीत. नवरा बॅटरी धरून उभा होता, काही बोलला नाही. तारेच्या ब्रशने दुसऱ्या स्टडचं टोक घासलं, तेव्हा गंजाखालून इंग्रजी एल अक्षर निघालं. डावीकडच्या चाकांना उलटे आटे. मी नट सोडवत नव्हते, आवळत होते. तेही ५८ पट जोराने.

हे मला माहीत असायला हवं होतं. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे का असतात, हे मी मुलांना सांगत आलेय. चाक पुढे फिरताना डाव्या बाजूचा सरळ आट्यांचा नट हळूहळू सैल व्हायला बघतो, म्हणून जुन्या ट्रकांना डावीकडे उलटे आटे देत. आताच्या पुष्कळ ट्रकांचं चाक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, कडेवर बसतं, नटाला स्वतःची फिरती चकती असते आणि दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र आधी स्टडचं टोक घासा, अक्षर वाचा, मगच पाना लावा.

पण तक्रार पान्याबद्दल आहे आणि ती खरी आहे. साध्या पान्याने चुकीच्या दिशेला आवळलं असतं तर हाताला कळलं असतं. पाईपखाली नट कुरकुरतो, पाना थरथरतो, मनात पाल चुकचुकते. इथे सगळा जोर दात्यांतून जातो आणि दांड्यापर्यंत त्याचा ५८ वा हिस्साच परत येतो. माझ्या हाताला फरक जाणवला तो इतकाच: थोडं जड, थोडं आणखी जड, हलकं. स्टड तुटताना मी सासूबाईंशी बोलत होते.

एका स्टडपायी तीन रविवार गेले. हब काढला, बेअरिंगचं जुनं ग्रीस पुसलं (काळं डांबर झालं होतं, तेवढंच एक बरं झालं), तुटका स्टड मागच्या बाजूला ठोकून काढला, नवा बसवला. दिरांनी त्या दिवसांत दोनदा भंगारवाल्याची आठवण काढली.

आता माझी पद्धत अशी आहे. नटावरून रिमवर खडूची एक सरळ रेघ मारते. पंधराव्या फेरीला थांबून रेघ बघते. रेघेचा नटावरचा भाग हव्या त्या बाजूला सरकला असेल तर पुढे जाते. चुकीच्या बाजूला सरकला, किंवा सरकलाच नाही आणि दांडा जड होत चाललाय, तर दांडा थांबवते. मग गंज सोडवायचं तेल, एक रात्र, सकाळी पुन्हा. पान्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत यातलं काही नाही. तिथे हसऱ्या माणसाचं चित्र आहे.

नट अर्धा फेरा सुटला की चाकपाना बाजूला ठेवा. अर्ध्या फेऱ्याला २९ वेळा दांडा फिरवावा लागतो. दहा नटांचे २९० होतात. शेवटपर्यंत याच पान्याने काढायला बसलात तर रात्र होईल. पुढचं काम साध्या गोटी पान्याचं. आणि पाय शेजारच्या नटावर टेकवताना बोट मध्ये ठेवू नका, तो पाय दया करत नाही.

मागच्या जोडचाकांना आणखी एक भानगड असते. जुन्या पद्धतीत आतल्या चाकाचा नट वेगळा, त्याच्या बाहेरच्या आट्यांवर बाहेरच्या चाकाचा नट. बाहेरचा षटकोनी, आतल्याचं टोक चौकोनी. बाहेरचा सोडवायला गेलं की कधी आतलाही बरोबर फिरतो. त्या चौकोनी टोकाची गोटी माझ्या पेटीत निघाली, तिच्यासाठी अर्धा तारा जास्त. तुम्ही घ्याल तेव्हा पेटीतल्या गोट्यांची मापं आणि तुमच्या ट्रकचे नट आधी जुळवून बघा. जुन्या गाड्यांत इंचातली मापंही निघतात, आणि "जवळपास बसते" अशा गोटीने या जोरात नटाचे कोपरे गोल होतात.

रिम लॉक रिंगचं असेल, म्हणजे टायरला एक वेगळी लोखंडी कडी रिमवर धरून ठेवत असेल, तर नटाला हात लावायच्या आधी वाल्वमधली सुई काढून ट्यूबमधली सगळी हवा सोडून द्या. ती रिंग सुटून उडाली तर माणूस जातो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक नंतर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरायचं नाही. हे मी नवऱ्याला सांगते तेव्हा त्याला वाटतं मी शाळेतलं बोलतेय.

आवळायला हा पाना अजिबात वापरू नका. किती जोर लागतोय ते तो सांगत नाही. त्यासाठी टॉर्क रेंचच हवा. १९१८ साली न्यूयॉर्कच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर यांनी तो पाण्याच्या नळांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून बनवला. समोरासमोरचे नट एकाआड एक घ्यायचे, दोन-तीन टप्प्यांत, आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, माझा नव्हे. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे, तेही मॅन्युअलला विचारा, कारण आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो आणि तेल लावलं की तोच आकडा स्टडला भलताच ताणतो. चाक चढवून शंभरेक किलोमीटर चाललं की नट पुन्हा तपासायचे. माझ्यावर ती वेळ अजून आलेली नाही.

बाकी किरकोळ. पेटी प्लॅस्टिकची, बिजागरी दुसऱ्या महिन्यात गेली. पेटीसकट वजन आठेक किलो, एका हाताने नेताना खांदा बोलतो. दीड वर्षात पोटातलं ग्रीस एकदा बदललं. चार स्क्रू काढले की झाकण उघडतं, अवघड नाही. दाते शाबूत आहेत. पाचपैकी साडेतीन, आणि चौकोनी गोटीचा अर्धा, म्हणजे चार.

सहाही चाकं निघाली. ब्रेकचे ड्रम, चाकांतले सिलिंडर, लायनर सगळं नवं बसवून चाकं परत चढली. इंजिन अजून पोत्याखाली आहे. परवा दिरांनी विचारलं, "वहिनी, उभ्या ट्रकला ब्रेक कशाला?" मी उत्तर द्यायच्या आत नवरा म्हणाला, "उतारावर उभा आहे तो." मग पेटी उचलून आत ठेवायला निघाला. बिजागरी तुटलीय हे विसरला, आणि सगळ्या गोट्या उतारावरून ट्रकखाली गेल्या. ३३ ची अजून सापडलेली नाही.