प्युरिफायर घेऊ की ह्यांना खाली पाठवू?

मावशीने विचारलंय, काका काही केल्या सिगरेट सोडत नाहीत, परळच्या वन बीएचकेमध्ये नातू रांगतोय, मग एअर प्युरिफायर घ्यावा की घरात सिगरेट पूर्ण बंद करून काकांना बिल्डिंगखाली पाठवावं.

खर्चाचं म्हणाल तर चांगला प्युरिफायर दहा-बारा हजारांच्या आसपास जातो, वर फिल्टर बदलत राहायचे, आणि धुरात ते लवकर भरतात. खाली जायला शून्य रुपये.

पण खरा फरक धुरातच आहे. प्युरिफायरमधली बारीक जाळी, म्हणजे हेपा फिल्टर, धुरातले बारीक कण पकडते, वायू नाही, वायूंसाठी कार्बनचा थर लागतो आणि तोही पुरा पडत नाही. शिवाय निकोटिन भिंतीवर, पडद्यावर, गादीवर बसतं, ते मशीन कसं ओढणार? पंख्याच्या पात्यावर ओलं फडकं फिरवून बघ, चिकट पिवळा थर निघेल, आणि बाळ तर लादीवरचा हात सरळ तोंडात घालतं गं. खिडकीत उभं राहून ओढली तरी वारा धूर आतच आणतो.

त्रास मात्र खाली जाण्यात जास्त, पावसात तर भांडणंच. वर आल्यावर शर्ट बदलायचा, हात धुवायचे, मगच बाळाला घ्यायचं.

घरात बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचं माणूस असेल तर खालीच पाठवा. शेजारचा धूर पॅसेजमधून येत असेल आणि शेजारी ऐकत नसतील, तिथे प्युरिफायर थोडीफार मदत करेल.