शिक्षकांसाठीची पुस्तकं: सादिलच्या पैशातून काय घ्यावं आणि काय घेऊ नये

आमची दुशिक्षकी शाळा, डहाणू तालुक्यात, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. वर्गात एका मुलीला एकाच कानाने ऐकू येतं, एक मुलगा तिसरीत येऊनही 'कमळ'सारख्या बिनकान्यामात्रेच्या शब्दांपुढे सरकत नव्हता, दोन भावंडं दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात, आणि जवळपास सगळीच घरी वारली बोलतात. हे सांगायचं कारण असं की पुस्तकं मी या वर्गासाठी घेतली, त्यामुळे खालचं सगळं या वर्गातून बघून लिहिलंय. शहरातल्या साठ पोरांच्या वर्गाला कदाचित वेगळं लागेल.

सादिल म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाला मिळणारा पैसा, त्यातून थोडे उरले होते, थोडे मी खिशातले घातले, आणि वर्षभरात सहा पुस्तकं जमवली.

आधी वाईट पुस्तकाचं सांगते म्हणजे डोक्यातून जाईल. सर्वसमावेशक शिक्षणावरचं एक जाडजूड मार्गदर्शक, नाव सांगत नाही, शिक्षण परिषदेत कुणीतरी सुचवलं म्हणून घेतलं. अर्धं पुस्तक कायदा आणि परिपत्रकं. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, त्या 21 चा तक्ता, मग प्रत्येकाची व्याख्या, मग लक्षणं, मग परीक्षेतल्या सवलती, तासाला 20 मिनिटं जादा वेळ वगैरे. अहो ते सगळं बरोबर आहे, हवंच आहे, पण माझं पोरगं तिसरीत आहे हो, त्याला दहावीला जादा वेळ मिळेल हे वाचून मी उद्या सकाळी साडेदहाला काय करू? आणि भाषा अशी की 'अध्ययनार्थ्याच्या अध्ययनशैलीस अनुरूप अध्ययन अनुभवांची योजना करावी'. तीनदा वाचलं, मग चहा केला.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला. वाचनाच्या अडचणींचं प्रकरण उघडलं तर त्यात लिहिलेलं की अशी मुलं बी आणि डी उलटसुलट करतात. मराठी पुस्तकात! आमची पोरं ध आणि घ मध्ये अडकतात, भ आणि म मध्ये, थ आणि य मध्ये. त्याहून मोठी भानगड पहिल्या वेलांटीची, ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, 'कि' म्हणताना कानाला आधी क ऐकू येतो पण हाताने आधी वेलांटी काढायची, ज्या पोराला क्रमच धरता येत नाही त्याचं काय होत असेल. माझा मुलगा आधी क काढायचा आणि मग वेलांटी त्याच्या उजवीकडे उभी करायचा, म्हणजे झाली दुसरी वेलांटी, आणि मी त्याला निष्काळजी म्हणून लाल पेनाने गोल करत बसले. आकड्यांचं तेच. 'पंचवीस' म्हटलं की कानावर आधी पाच येतो, तो 52 लिहिणार नाही तर काय? इंग्रजीत ट्वेंटी आधी येतं त्यामुळे तिकडच्या पुस्तकात हा प्रश्न या रूपात येतच नाही, आणि आपले लोक तिथून उचलतात म्हणून आपल्याही पुस्तकात येत नाही. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं आणलं तेव्हा केवढा दंगा झाला, मीही तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद पुढे ढकलले होते. आता तोंडी वीस पाच म्हणूनच घेते त्याच्याकडून, मागाहून पंचवीस.

तर ते पुस्तक कपाटात. यू-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या माहितीच्या, फायलींखाली दाबलंय.

आता जे सगळ्यात कामाला आलं ते. 'टीचर', सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नरचं, मूळ 1963 चं, मराठीत मिळतं. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना शिकवणाऱ्या बाईंचा अनुभव. मी उघडलं तेव्हा वाटलं कुठे न्यूझीलंड आणि कुठे आम्ही, पण घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, छापील वाचनपाठातली दुनिया पोरांच्या ओळखीची नाही, हे सगळं आमच्याच गावचं निघालं. बाईंची रीत अगदी साधी. रोज एकेका मुलाला विचारायचं, तुला आज कुठला शब्द हवा? तो सांगेल तो शब्द जाड कार्डावर मोठ्ठा लिहून त्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्या दिवशी ओळखला तर कार्ड त्याचं, नाही ओळखला तर तो शब्द त्याचा नव्हताच, कार्ड काढून टाकायचं, रागवायचं नाही. तिथल्या पोरांना 'भूत' हा शब्द एकदा बघून यायचा आणि पुस्तकातले शब्द महिना महिना यायचे नाहीत.

मी केलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डं केली. आमच्या कमळवाल्याला विचारलं तर तो आधी गप्पच, त्याला वाटलं परीक्षा आहे. मग म्हणाला, ट्रॅक्टर. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यात जोडाक्षरं दोन, अ‍ॅ चा चंद्र, बालभारतीच्या हिशोबाने हा शब्द त्याच्यापर्यंत यायला अजून वर्ष लागलं असतं. लिहून दिला. दुसऱ्या दिवशी पंधरा कार्डांच्या ढिगातून त्याने तो उचलला, आणि बोट ठेवलं कुठे, तर 'ट्र' च्या खालच्या टोपीवर, म्हणे बाई हे चाक. पुढचे शब्द: खेकडा, पोलीस, कोलीम (बारीक कोळंबी), मामा, भूत (हो, आमच्याकडेही). नोव्हेंबरपर्यंत सव्वीस कार्डं झाली. त्यातली चारेक नापास होऊन गेली, आणि त्यात 'शाळा' होता, काय करणार.

दोष सांगायचा तर पुस्तक मध्येमध्ये फार भरकटतं, बाई स्वतःच्या मनातलं पानंच्या पानं लिहितात, नेमकी रीत कुठे सांगितली ते शोधावं लागतं. पेन्सिल घेऊन वाचा.

'तोत्तोचान', जपानमधल्या एका मुलीच्या शाळेची गोष्ट, प्रत्येकाला माहीत आहे, प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी आगगाडीच्या डब्यांतली शाळा सांगतंच, इतकं ऐकलं की मला जरा कंटाळाच आला होता. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तोत्तोचानचं चार तास ऐकून घेतात वगैरे छान आहे, पण माझ्याकडे चार तास कुठले, शालेय पोषण आहाराची नोंद कोण भरणार? तरी घ्या, एका प्रकरणासाठी घ्या, खेळाच्या दिवसाच्या. वर्गात ताकाहाशी नावाचा मुलगा आहे, हातपाय आखूड, त्याची उंची वाढणार नाही. सरांनी शर्यतीच अशा रचल्यात की त्याच्या ठेंगणेपणाचाच फायदा व्हावा, आणि तो सगळ्यांत पहिला येतो. बक्षीस म्हणून भाज्या. कुठेही 'दिव्यांग विद्यार्थ्यासाठी विशेष स्पर्धा' नाही, सगळ्यांची एकच शर्यत, फक्त शर्यत बदललीय. हे वाचून मी कानाने अधू मुलीला पुढे बसवणं सोडून (पुढे बसवलं की मागचं काही ऐकू येत नाही तिला, हे तिनेच सांगितलं) सगळा वर्गच गोलात बसवला, तिचा चांगला कान आत येईल असा. खर्च शून्य.

'दिवास्वप्न', गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं. पातळ पुस्तक, दोन बसप्रवासांत संपतं. लक्ष्मीराम मास्तर प्रयोग म्हणून चौथीचा वर्ग मागून घेतात, पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि पोरं असा धुडगूस घालतात की बेत गुंडाळावा लागतो. शिक्षकांच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात शिक्षक आपटतो हे मला फार आवडलं. पण खास गरजांच्या मुलांसाठी म्हणून शोधत असाल तर यात थेट काही नाही, गोष्टीची ताकद कळते एवढंच.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक, आणि त्यांच्याबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघ. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी याआधी वाचलं नव्हतं याची लाज वाटते, कारण ही टेकडी आमच्याच तालुक्यात. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्या, ही कुरणशाळा. आपण मात्र भट्टीवर गेलेल्या पोराच्या नावापुढे गैरहजेरी मांडत बसतो. आत्मचरित्र आहे, पाठाची टाचणं शोधू नका.

एनसीईआरटीचं विशेष गरजा असलेल्या मुलांना वर्गात सामावून घेण्यावरचं प्राथमिकचं हँडबुक, 2014 चं, त्यांच्या वेबसाइटवर फुकट पीडीएफ. भाषा, गणित, परिसर अभ्यास असं विषयवार आहे म्हणून मला बरं वाटलं, आजारवार नाही. मी इंग्रजीतलं वाचलं, हळूहळू. सगळ्याची झेरॉक्स काढू नका, मी काढली आणि पस्तावले, गणिताचा भाग तेवढा काढा.

दुकानात किंवा पुस्तक प्रदर्शनात आता मी एकच करते, मधलं कुठलंही पान उघडते आणि त्यावर एक तरी खरं पोरगं आहे का बघते, नाव असलेलं, काहीतरी करणारं. नुसती 'अशी मुले' असली की ठेवून देते. शिवाय वाचनाच्या अडचणींवरचं असेल तर ध आणि घ शोधते. अजून तरी माझ्या हाती आलेल्या एकाही पुस्तकात सापडले नाहीत. कुणाकडे वेलांटीवर, जोडाक्षरांवर, आकड्यांच्या उलट्या नावांवर नीट लिहिलेलं मराठी पुस्तक असेल तर सांगा, सादिल संपलंय, पण तेवढं मी माझ्या पैशाने घेईन. कमळवाला कार्डं घेऊन मामाकडे भट्टीवर गेलाय, मार्चमध्ये येतो म्हणालाय.