बॉस आरसी-१ लूपर: स्टीरिओ आहे खरा, पण तुम्हाला लागतोय का?

लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत फिरवणारं पेडल) घेताना सगळे आधी विचारतात की रेकॉर्डिंग किती मिनिटं होतं, जॅक किती आहेत ते कोणी बघतच नाही. आरसी-१ ला दोन इनपुट, दोन आउटपुट, म्हणजे पूर्ण स्टीरिओ, आणि १२ मिनिटं रेकॉर्डिंग. टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीचा साधा छोटा डिट्टो लूपर ५ मिनिटांचा आणि मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, एकच सिग्नल. आता चार बारचे कॉर्ड फिरवायला ५ मिनिटं पण डोक्यावरून पाणी, तेव्हा पैसे मोजायचे ते जॅकचेच.

गिटार मुळात मोनो, ओव्हरड्राइव्ह-वाह हे इफेक्ट पण बहुतेक मोनोच, स्टीरिओची मजा सुरू होते डिले (आवाजाचे रिपीट), रिव्हर्ब (घुमणं), कोरस (आवाज दाट करणारा) यांच्यापासून. पिंगपाँग डिलेचे रिपीट डावी-उजवीकडे उड्या मारतात आणि त्याच्यानंतर मोनो लूपर लावला की सगळे मुकाट मधोमध येऊन बसतात. रोलँडचा १९७५ चा जेसी-१२० गिटार अँप घ्या, आत दोन पॉवर अँप, दोन स्पीकर, कोरस लावला की एकातून सरळ आवाज आणि दुसऱ्यातून हलता, दोन्ही मिसळतात ते खोलीत, हवेत. तेच वायरमध्ये मिसळले तर कोरस राहतो पण तो पसारा जातो.

म्हणून आरसी-१ पेडलच्या चेनच्या (रांगेच्या) शेवटी लावला, सा-पाचा ड्रोन पिंगपाँगवर वाजवून लूप केला, मग डिले बंद करून वर लीड वाजवली, तर लूपमधले रिपीट आपापल्या बाजूला अगदी शाबूत आणि लीड मधे सुकी (इफेक्टशिवाय), स्वच्छ. हेडफोनवर तर भारीच वाटतं. मोनो लूपर आधीच असेल तर तो डिलेच्या आधी लावून बघा, लूप सुकाच रेकॉर्ड होतो आणि पुढचा डिले स्टीरिओ राहतो, फक्त डिलेचं बटण फिरवलं की लूपचा आवाज पण बदलतो, लीडला एक आणि लूपला वेगळा डिले असं जमत नाही.

सोसायटीच्या गणपतीत वाजवणार असाल तर मात्र हा खर्च कशाला? तिथे मिक्सरवर दोन चॅनल, दोन डीआय (सिग्नल मिक्सरला जोडायचे डबे) मागितले की साउंडवाले दादा आधी तोंडाकडे बघतात, आणि बऱ्याचदा दोन्ही स्पीकरना एकच सिग्नल जातो. समजा दिलेच दोन चॅनल आणि पॅन पण केले (एक डावीकडे, एक उजवीकडे), तरी डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या काकूंना अर्धेच रिपीट ऐकू येणार.

बाकी वापरायला एकदम सोपा, एक लेव्हलचा नॉब, गोल फिरणारे लाइट. डोकेदुखी एकच, स्टॉप करायला पेडल दोनदा पटकन दाबावं लागतं आणि गाण्याच्या शेवटी नेमका तोच ठोका हुकतो. बाहेरचा फुटस्विच जोडायची सोय आहे, घेणार असाल तर त्याचे पैसे पण आत्ताच धरा.