वाकडे कॅनॉल आणि माझे आठ महिने: के-फाईल, गोल्ड की सीएम?

आधीच सांगते, मी एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनॉलची स्पेशालिस्ट, नाही. तालुक्याच्या गावात साधी बीडीएसची प्रॅक्टिस, आठवड्याला चार-पाच मोलरच्या (दाढांच्या) आरसीटी, म्हणजे रूट कॅनॉल ट्रीटमेंट, होतात आणि त्यातली एखादी तरी घाम काढतेच. गेले आठ महिने वाकड्या कॅनॉलसाठी (मुळाच्या आतल्या नळीसाठी) तीन प्रकारच्या फाईल्स, म्हणजे कॅनॉल घासून रुंद करायच्या बारीक सुया, आलटून पालटून वापरल्या: हाताने फिरवायच्या स्टीलच्या के-फाईल्स, आणि मोटरवर चालणाऱ्या प्रोटेपर गोल्ड आणि हायफ्लेक्स सीएम.

के-फाईलपासून सुरू करते कारण कॉलेजात हात त्यावरच बसलाय. 08 आणि 10 नंबरला (नंबर म्हणजे टोकाची जाडी, एमएमच्या शंभराव्या भागात) आजही तोड नाही. टोकाचे दोन-तीन एमएम चिमट्याने हलकंसं वाकवायचं, रबर स्टॉपरची खूण वाकाच्या दिशेला फिरवून ठेवायची म्हणजे आत फाईल कुठे बघतेय ते कळतं, आणि मग घड्याळाला चावी दिल्यासारखं थोडं इकडे थोडं तिकडे. पण 20-25 नंबरला आलं की स्टील ऐकत नाही, सरळ व्हायला बघतं आणि कॅनॉलच्या बाहेरच्या भिंतीवर लेज (पायरीसारखा खाचा) पाडून ठेवतं. एकदा लेज पडला की पुढचा तासभर तुमचा नाही. इंटर्नशिपमध्ये मी इतके लेज पाडलेत की सर म्हणायचे, तू नवीनच कॅनॉल बनवतेस.

निकेल टायटॅनियम आलं ते यासाठीच. 1988 मध्ये वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्थोच्या (दात सरळ करायच्या) वायरपासून पहिल्या फाईल्स बनवल्या तेव्हा मुद्दा हाच होता, की धातू वाकला पाहिजे पण कॅनॉलला सरळ करायला जाता कामा नये. जुन्या नायटायची (निकेल टायटॅनियमची) अडचण अशी की ती सुपरइलॅस्टिक, वाकवली तरी सोडल्यावर परत सरळ, म्हणजे आधी वाक देऊन आत घालता येत नाही. गोल्ड आणि सीएम दोन्ही हीट ट्रीटमेंट केलेल्या, त्यामुळे मऊ.

गोल्डमध्ये शेपिंग पटकन होतं. 300 आरपीएमवर एस1, एस2 (शेपिंगच्या), मग एफ1, एफ2 (फिनिशिंगच्या), सीक्वेन्स डोक्यात पक्का बसलेला असतो, असिस्टंटलासुद्धा पाठ आहे, मी हात पुढे करायच्या आधी पुढची फाईल तयार. पण टेपर (टोकापासून वर जाडी वाढायचं प्रमाण) मोठा. एफ2 म्हणजे टोकाला 25 आणि शेवटच्या तीन एमएममध्ये 8 टक्के. लोअर सिक्सच्या (खालच्या पहिल्या दाढेच्या) मेसियल, म्हणजे पुढच्या, रूटमध्ये, तेही वाक जास्त असेल तर, मी एफ1 वरच थांबते. त्या मुळाची फर्केशनकडची (मुळं जिथून फुटतात तिकडची) भिंत पातळ असते, उगाच भोक पाडून घेण्यात शहाणपण नाही.

सीएम 500 आरपीएम, टॉर्क 2.5 वर चालवते. बोटाने वाकवली की वाकलेलीच राहते. पहिल्यांदा वापरली तेव्हा पीळ उलगडलेले बघून मला वाटलं गेली फाईल कामातून, पण ऑटोक्लेव्हमधून काढली तर पुन्हा नव्यासारखी. नाही आली मूळ आकारात तर टाकून द्यायची, इतका सोपा हिशोब. वाक जास्त असेल तिथे 25/04 (टोक 25, टेपर 4 टक्के) वर काम संपवते, आणि मग हायपो नि इडीटीएला (कॅनॉल धुवायच्या द्रावणांना) नीट वेळ देते कारण एवढ्या बारीक कॅनॉलमध्ये साफसफाई शेवटी पाण्याचीच.

सीएमने माझं मन खरं जिंकलं ते वेगळ्याच पेशंटमध्ये. आमच्याकडे गुटखा खाणारे ढीगभर, 2012 पासून राज्यात बंदी आहे म्हणे, आणि तोंड उघडतं जेमतेम दोन बोटं. अशा माणसाच्या सेकंड मोलरमध्ये सरळ फाईल हँडपीससकट घालायची म्हणजे समोरच्या दातांवर आपटणार. सीएम आधीच वाकवून तिरकी सरकवता येते. एका रिक्षावाल्या काकांचं काम मी असंच केलं, नाहीतर दात काढायलाच पाठवणार होते.

आता माझी चूक. तिसऱ्या महिन्यात अप्पर सिक्सच्या (वरच्या पहिल्या दाढेच्या) एमबीमध्ये, म्हणजे पुढच्या गालाकडच्या मुळात, एक रोटरी फाईल तुटली (कुठली ते महत्त्वाचं नाही, दोष माझा). शनिवारची संध्याकाळ, बाहेर चार पेशंट, 10 नंबर आत घट्ट लागत होती तरी मी ग्लाइड पाथ (बारीक फाईलने आधी करायची मोकळी वाट) पूर्ण न करता मोटर लावली, आणि ती फाईल आधी किती मोलर फिरून आली याचा हिशोबही नव्हता. तीन एमएमचा तुकडा बरोब्बर वाकात. पेशंट ताईंना तिथेच सांगितलं, आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) दाखवला, दुसऱ्या दिवशी 08 ने बाजूने वाट काढली, दोन तास लागले. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये वही आहे, प्रत्येक फाईलपुढे काड्या मारते. साध्या मोलरला दोनदा, जास्त वाकडा असेल तर एकदाच आणि कचऱ्यात. आमचे हे म्हणतात तू फाईल्स फेकतेस की पैसे, पण तो शनिवार त्यांनी बघितला नाही.

अजून एक, लोअर सिक्सला डिस्टोलिंग्वल (मागे जिभेच्या बाजूचं) जादा मूळ असलं तर त्याचा वाक बहुतेक वेळा गालाकडे असतो आणि सरळ एक्स-रेत दिसतच नाही, म्हणून तिरका घ्या. मला हे एका आजोबांच्या दातात अडकल्यावर कळलं.

सध्या वाकड्याला सीएम, बाकीच्याला गोल्ड. पुढच्या ऑर्डरीत 10 नंबरची चार पाकिटं, 08 ची दोन, सीएम 25/04 ची दोन, बहुतेक 25 एमएम लांबीत आणि सेकंड मोलरसाठी थोडं 21 मध्ये. 25 नंबरची स्टील के-फाईल मात्र यावेळी लिहिलीच नाही, जुनी पाकिटंच अजून न फोडलेली पडलीयत.