जानेवारीत पाणवठ्यावर की फेब्रुवारीत गच्चीवर?

पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, दुर्बीण आहे आणि यंदा एखाद्या गणनेत भाग घ्यायचाय, अशांसमोर आपल्याकडे दोन सोयीचे पर्याय असतात: जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना, नाहीतर फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणारा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. मी दोन्हीत भाग घेतो. पण एकच रविवार मोकळा असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

सुरुवात करायला फेब्रुवारी सोपा, यात वाद नाही. सलग 15 मिनिटं पुरतात. गच्ची, सोसायटीची बाग, कॉलेजचं आवार, काहीही चालतं. बुलबुल, दयाळ, शिंजीर, साळुंकी सगळ्यांना जागा आहे. भारत 2013 पासून यात आहे. याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायच्या. तिथे हौशी लोकांनी भरलेल्या याद्यांमधूनच देशातल्या पक्ष्यांचा मोठा आढावा उभा राहिला. त्याच्या 2023 च्या अहवालात 942 जातींचा विचार झालाय, तो या याद्यांशिवाय शक्यच नव्हता.

मला खटकतो तो ‘एक्स’. ई-बर्डवर आकड्याऐवजी एक्स टाकता येतो, म्हणजे पक्षी दिसला पण मोजला नाही. त्या चार दिवसांत जास्तीत जास्त याद्या, जास्तीत जास्त जाती, अशी घाई असते आणि मग तलावावरच्या यादीत वारकरी, थापट्या अशा पाणपक्ष्यांपुढे ‘वारकरी: एक्स, थापट्या: एक्स’ असं येतं. तिथे दोन वारकरी होते की दोन हजार? बाजू घ्यायची तर, मनाने ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा एक्स बरा, आणि एखादी जात किती याद्यांमध्ये आली यावरून तिचा चढउतार काढता येतो, तिथे ही यादी वाया जात नाही. पण पाणथळ जागेचं महत्त्व बरेचदा आकड्यावर ठरतं. नियमितपणे 20,000 पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का, हे रामसर दर्जाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरण्याचे, दोन निकष आहेत. तो एक टक्का एक्सवरून कसा काढणार?

जानेवारीत मोजण्यावाचून सुटका नाही. आपल्याकडे ही गणना 1987 पासून चालू आहे. थव्यातले दहा पक्षी मोजायचे, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढे तेवढे तुकडे पाडत थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. थापटे गोल गोल फिरत चरतात, तलवार बदकांची डोकी पाण्यात आणि शेपट्या वर. निम्म्यावर आलात की भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, सगळा थवा उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एक जण मोजतो, दुसरा लिहितो, तिसरा वेगळं मोजून ताडून पाहतो. एवढं करून कागदावर उतरलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसतो.

अडचणी आहेत. पहाटेची थंडी, लांबचा प्रवास, आणि चिखलातले छोटे तुतवार ओळखायला जाणकार सोबत हवाच. शक्यतो स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची छोटी दुर्बीणही. जवळ पाणवठा नसेल, लहान मुलं बरोबर असतील किंवा फार चालवत नसेल, तर बिनदिक्कत फेब्रुवारी निवडा. फक्त जे दिसेल ते मोजा.

बाकीच्यांनी, जमलं तर, जानेवारीच धरावा. भिगवण, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथे जायला माणसं मिळतात. त्यापेक्षा गावाजवळचा एखादा पाझर तलाव घ्या आणि दरवर्षी त्याच काठावरून, त्याच वेळेला मोजा. फॉर्मवर जागेच्या अवस्थेबद्दलही विचारतात. राडारोडा, जलपर्णी, पसरलेली जाळी, जे असेल ते लिहा. तलाव आटलेला निघाला तरी तशी नोंद पाठवा.