बिल्डर पारखावा पावसाळ्यात: फोंड्यातील सदनिकेचा अनुभव

गोव्यात ज्यांना नवे घर घ्यायचे आहे त्यांनी बिल्डरने चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेली एखादी इमारत ऐन जुलै महिन्यात जाऊन पाहावी, असे माझे ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दिवसदिवस उघडीप न देणारा हा पाऊस गच्चीचा उतार, खिडकीवरचा छज्जा, पन्हळी आणि बाहेरच्या भिंतीचा गिलावा यांचे खरेखोटे उघड करतो. फोंडा परिसरातील ज्या स्थानिक बिल्डरकडून आम्ही सदनिका घेतली, त्याची निवड मुख्यतः अशाच पाहणीवरून झाली. त्याने स्वतःहून आपल्या जुन्या इमारतीतील रहिवाशांशी गाठ घालून दिली आणि ते आमच्याशी बोलत असताना तो स्वतः तेथे थांबला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

त्याआधी आम्ही बार्देशमधील एक मोठा प्रकल्प पाहिला होता. तेथील नमुना सदनिका देखणी होती, परंतु जमिनीच्या कागदांविषयी विचारले की विक्री विभागातील मंडळी विषय तरणतलावाकडे वळवत असत. करारापूर्वीच किमतीचा चौथा हिस्सा भरावा, अशीही त्यांची मागणी होती. 2016च्या रेरा कायद्यानुसार, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्यानुसार, विक्रीचा करार लेखी होऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. तेव्हा तेथे पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आमचा बिल्डर चोख निघाला. गोव्यात हा भाग इतर राज्यांहून अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) कुळाचा रकाना रिकामा आहे का, जमिनीत मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर आहे का, ती कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामुदायिक संस्थेची, तर नाही ना, आणि जुन्या मालकाच्या मृत्यूनंतर वारसांमध्ये इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची, प्रक्रिया पूर्ण झाली होती का, हे सर्व वकिलाकडून तपासून घ्यावेच लागते. येथील समान नागरी कायद्याखाली पती-पत्नीच्या मालमत्तेत सर्वसाधारणपणे दोघांचाही हक्क असतो, त्यामुळे मूळ विक्रीखतावर मालकाच्या पत्नीची सही नसेल तर पुढचा सगळा व्यवहार डळमळीत होतो. बिल्डरने जमिनीच्या रूपांतराची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना या सर्वांच्या प्रती पहिल्याच भेटीत दिल्या, आणि आमच्या वकिलांनी मागितलेले जुने विक्रीखतही कुरकुर न करता काढून दिले. रेराची नोंदणी होतीच. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला केंद्रीय कायद्याने नोंदणीतून सूट दिलेली आहे. गावागावांत उभ्या राहणाऱ्या चार-सहा बंगल्यांच्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण तेथे ग्राहकाला स्वतःच अधिक डोळस राहावे लागते.

क्षेत्रफळाचा हिशेबही सरळ होता. करारात कार्पेट एरिया, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, लिहिला होता, बाल्कनी वेगळी दाखवली होती, आणि ताबा घेताना आम्ही टेप लावून मोजले तेव्हा मापे जुळली.

बांधकामाविषयी माझे मत चांगले आहे. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आहेत. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो, म्हणून त्यावरील गिलावा दोन थरांत आणि नीट पाणी मारून झाला पाहिजे. येथे तो तसा झाला. स्लॅबवर मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर आहे. पुष्कळ ठिकाणी ही कौले उतरत्या स्लॅबवर थेट सिमेंटमध्ये बसवतात, मग फटीतून आत शिरलेले पाणी कौलाखाली साचून राहते. आमच्या इमारतीत ती पट्ट्यांवर बसवल्यामुळे खाली हवा खेळते आणि पाणी वाहून जाते. साइटवरील अभियंत्याने काँक्रीटच्या क्यूबची 28 दिवसांनंतरची मजबुतीची चाचणी दाखवली, आणि स्लॅब भिजत राहावा म्हणून त्यावर पाण्याची आळी करून ठेवलेली आम्ही अनेकदा पाहिली.

एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. स्लॅब घालण्यापूर्वी बिल्डरच्या माणसाने प्रत्येक कुटुंबाला विचारले की चवथीला गणपती कुठे बसवणार, आणि त्या जागी माटोळी (गणपतीच्या वर फळे-फुले टांगायची चौकट) बांधण्यासाठी छतात कड्या सोडल्या. नंतर स्लॅबला भोके पाडण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. घरात राहणारी माणसे वर्षभर कशी जगतात याचा विचार केलेला बिल्डर मला याच ठिकाणी दिसला.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. ताबा करारातील तारखेनंतर बऱ्याच उशिरा मिळाला. भोगवटा दाखला हाती आल्याशिवाय चावी देणार नाही, ही बिल्डरची भूमिका योग्य होती, पण उशिराची सूचना आम्ही विचारल्यावरच मिळाली. सुतारकाम सुमार आहे. स्नानगृहाचे दरवाजे पहिल्या पावसाळ्यात फुगले आणि बदलून घ्यावे लागले. पश्चिमेकडील एका खिडकीच्या खालून ओल आली, तेव्हा तक्रार लेखी नोंदवली. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे रेरा कायदा सांगतो. येथे चवथीपूर्वी करतो असे सांगून काम दिवाळीनंतर झाले. दुरुस्ती मात्र पक्की झाली, त्यानंतर तेथे ओल आलेली नाही. देखभालीच्या आगाऊ रकमेचा हिशेब तीनतीनदा मागावा लागला, हे मला सर्वांत अधिक खटकले.

फोंडा किंवा डिचोलीकडे मध्यम आकाराची सदनिका पाहणाऱ्या कुटुंबाला मी हा बिल्डर सुचवेन. तारखांच्या बाबतीत मात्र त्याच्या शब्दावर न विसंबता विलंबाच्या व्याजाचे कलम करारात स्पष्ट लिहून घ्यावे, आणि दरवाजांचे लाकूड व बिजागऱ्या स्वतः निवडाव्यात. जमीन व सामायिक जागा रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देण्याचे काम आमच्याकडे अजून बाकी आहे. भोगवटा दाखल्यानंतर तीन महिन्यांत ते व्हावे अशी कायद्याची अपेक्षा असल्याने आम्ही सर्व सदनिकाधारकांनी मिळून बिल्डरला पत्र दिले आहे.